पाव लिटर

गेल्या मे महिन्यात एका आजोबांनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याचं एका शब्दात उत्तर दिलं. उत्तर खोटं नव्हतं. पण तेव्हापासून भाजी चिरताना, ट्रामची वाट बघताना ते मध्येच वर येतं, आंबट ढेकरासारखं, आणि मग दोन मिनिटं दुसरं काही सुचत नाही.

जागा जर्मनीतल्या व्युर्झबुर्गची. स्टेशनातून बाहेर आलं की पाठीशी श्टाइनची टेकडी उभी असते, रुळांच्या डोक्यावर, पायथ्यापासून वरपर्यंत नुसत्या द्राक्षांच्या ओळी. तिथून शहरात दहा मिनिटं चालत गेलं की ब्युर्गरश्पिटालचं अंगण लागतं. एका बाजूला कमानींची ओवरी, मध्ये लांब टेबलं, आणि शनिवारच्या दुपारी एकही खुर्ची रिकामी नाही. जर्मन माणूस एरवी परक्याच्या चार हात लांब बसतो. वाइनच्या जुन्या खानावळीत मात्र ‘इथे कुणी आहे का?’ एवढं विचारून कुणाच्याही समोर बसता येतं. तशी मी बसले. समोर ऐंशीच्या पुढचे एक आजोबा, उन्हातही जाकीट घातलेले, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. श्पार्गेलचा, म्हणजे पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचा हंगाम होता, म्हणून मी तेच मागवलं, उकडलेले बटाटे आणि वितळलेलं लोणी घातलेलं. सोबत शोर्ले, म्हणजे सफरचंदाच्या रसात सोडा. तो ग्लास आला तसं आजोबांनी माझ्याकडे बघितलं. देवळात येऊन देवाकडे पाठ करून बसलेल्या बाईकडे बघावं तसं.

मग कुठल्या, काय करता वगैरे झालं. गावाकडे चार एकर द्राक्षबाग आहे म्हटल्यावर आजोबा एकदम सरळ बसले. वाइन कोणती करता? म्हटलं, वाइन नाही, आम्ही तासगावचे, आम्ही बेदाणा करतो. माझ्या तोडक्या जर्मनमध्ये मी त्यांना सगळी शेड उभी करून दाखवली: एकावर एक ताणलेल्या जाळ्या, त्यावर पसरलेले घड, डिपिंग ऑइलचा वास, चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा. त्यांनी सगळं ऐकलं आणि हळहळून म्हणाले, “म्हणजे वाळवून टाकता!” नंतर म्हणाले, मी इथेच राहतो, श्पिटालच्या वृद्धनिवासात. इथल्या प्रत्येकाला रोज पाव लिटर वाइन मिळते. विकत घ्यावी लागत नाही, मागावी लागत नाही. समोरच्या पेल्यावर नखाने टिचकी मारून म्हणाले, “ती आमची. ही विकतची.” म्हणजे वरचा वाटा संपवून आजोबा खाली आले होते.

आणि मग तो प्रश्न. “तुमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना रोज काय मिळतं?”

मी म्हणाले, “चहा.”

त्यांनी मान डोलावली. “चहा चांगला.”

ब्युर्गरश्पिटाल म्हणजे नागरिकांचं रुग्णालय. पण श्पिटाल या शब्दात फक्त दवाखाना नाही. हॉस्पिटल आणि हॉटेल हे मुळात एकाच लॅटिन घरातले भाऊ, घर कसलं, तर आल्यागेल्याची सोय बघण्याचं. आपल्याकडच्या धर्मशाळेत आजारी वाटसरूही टेकायचा आणि धडधाकटही, तसंच. 1316 साली योहानेस फॉन श्टेरेन नावाच्या इथल्या धनिकाने आपली जागा आजारी, अडल्यानडल्यांसाठी दिली. तेव्हा ती शहराच्या तटाबाहेर होती. पुढे लोक मरताना द्राक्षमळे लिहून देत गेले. आपल्याकडे देवाच्या दिवाबत्तीसाठी जमीन इनाम देत, त्याच हिशेबाने: वर गेल्यावर उपयोगी पडावं. त्या मळ्यांची वाइन विकायची, त्यातून म्हाताऱ्यांचं औषधपाणी, सरपण, भाकरी. आणि त्याच वाइनमधला वाटा त्यांच्या पेल्यात. सातशे वर्षं झाली, हा जमाखर्च अजून चालू आहे. शंभर हेक्टरहून जास्त मळे आज या संस्थेचे आहेत, आणि मी बसले होते ती खानावळ म्हणजे त्या सगळ्याची रस्त्याकडची खिडकी. तिथे कुणी एक पेला विकत घेतला की त्यातला थेंबभर कुणा आजीच्या गुडघ्याच्या मलमाकडे जातो. शोर्लेतून किती जातो कोण जाणे.

असं वृद्धनिवासात जागा मिळण्याला जुनी जर्मन संज्ञा आहे, फ्र्युंडं. अशी जागा असलेला तो फ्र्युंडनर. जेवण, बिछाना, सरपण, वाइन हे सगळं ठरलेलं. काहींना ते धर्मादाय मिळे, काहीजण आपली मालमत्ता श्पिटालला देऊन उरलेल्या आयुष्याचं हे सगळं बांधून घेत. धर्मादाय असो की विकत, एकदा ठरलं की ठरलं. पुन्हा कुणाचं तोंड बघायला नको. फ्र्युंडं कळल्यावर मला त्या आजोबांची टिचकी कळली. ‘ती आमची’ म्हणताना त्यांच्या आवाजात जे होतं ते मी आमच्या घरात कधी कुठल्या म्हाताऱ्या बाईच्या आवाजात ऐकलं नव्हतं.

आमच्या घरात दारू हा शब्दही मोठ्याने म्हणत नसत. चार एकर बाग, आजोबांपासून माळकरी घर. गावात कुणी पिऊन पडला तर आज्जी म्हणायची, “घेतोय त्यो.” काय घेतो ते नाही. आणि त्याच आज्जीच्या फडताळात, देवाच्या तेलाच्या बाटलीशेजारी, तपकिरी काचेची एक बाटली असायची. द्राक्षासव. जेवण झालं की ती त्याच बाटलीचं झाकण भरून घ्यायची, तेवढंच पाणी मिसळायची, डोळे मिटून एका घोटात प्यायची आणि मग पदराने ओठ पुसायची. वास मला अजून आठवतो, गुळाचा, लवंगेचा, आणि खाली दडलेला एक तिखट आंबूस वास. तो कशाचा हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. द्राक्षांचा काढा, गूळ, वर धायटीची फुलं, आणि भांडं बंद करून ठेवायचं. धायटीच्या फुलांनी ते आंबतं. बाटलीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की यात आपोआप तयार झालेला मद्यार्क आहे. आपोआप हा शब्द मला फार आवडला. म्हणजे कुणी केला नाही, झाला. मी ते आज्जीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “आवशद हाय ते. आवशदाला नाव ठिऊ नगं.”

बाटली सांगलीहून यायची. आज्जी कधी जात नसे, कुणीतरी गेलं की आणायचं. कुणीतरी म्हणजे काका, नाहीतर बाबा. बाटली तळाला आली की आज्जी दोनतीन दिवस आधीपासून विषय काढायची, सरळ नाही. “सांगलीला कवा हाय जाणं?” एवढंच. कधी काका विसरायचे. विसरले की ती आठ दिवस गप्प. त्या आठ दिवसांत मी तिला बाटलीत पाणी घालून विसळून ते पाणी पिताना बघितलं आहे. मला त्यात काही दिसलं नाही तेव्हा. म्हाताऱ्या माणसांच्या तऱ्हा असतात, असं वाटलं. त्याच घरात मार्चमध्ये बेदाण्याचे पैसे यायचे, त्यातून मोटरसायकल आली, स्लॅब पडला, माझी फी भरली गेली. त्या बागेच्या कडेला आज्जी तरुणपणी पाटीने माती वाहत होती. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, डोळे फुटायला काडीला लावायची पेस्ट, सगळं तिला माहीत. सात-बारावर मात्र तिचं नाव कधी आलं नाही, आणि आत्यांनी हक्कसोडावर सह्या केल्या तेव्हा तीच कडेला बसून “करा गं बायांनो” म्हणाली होती. चहा तिला मिळायचा, सकाळी एक, चारला एक. साखर कमी. साखर कमी हे कोणी ठरवलं ते कुणाला आठवत नाही.

तर असा चहा.

आजोबा गेल्यावर मी निघणार होते, पण मग आतल्या दुकानात शिरले. तिथे बोक्सबॉयटेलच्या बाटल्या रांगेत. फ्रँकन प्रांताची ही चपटी, पोट सुटलेली, बुटकी बाटली. आपल्याकडच्या पखालीचं लहान मूल. नावाचा अर्थ विचारला की इथले सभ्य लोक सांगतात, प्रार्थनेचं पुस्तक ठेवायच्या पिशवीसारखा आकार म्हणून. कमी सभ्य लोक हसत सांगतात की बोक म्हणजे बोकड, आणि बॉयटेल म्हणजे पिशवी, उरलेलं तुम्ही समजा. मला दुसरा अर्थ खरा वाटतो. शेतकऱ्यांनी वस्तूला दिलेलं नाव पोथीवरून येत नाही. 1726 मध्ये शहराच्या कौन्सिलने ठरवलं की ब्युर्गरश्पिटालची उत्तम वाइन याच बाटलीत भरायची आणि वर शहराची मोहोर मारायची. कारण श्टाइनच्या नावाने कुणीही काहीही विकत होतं. भेसळ ही वाइनइतकीच जुनी.

या टेकडीची ख्याती होतीच तशी. कवी ग्योटेंनी 1806 मध्ये आपली जोडीदारीण ख्रिस्टिआने हिला पत्रातून आणखी व्युर्झबुर्गची वाइन पाठवायला सांगितलं होतं. दुसरी कुठली चवीला लागत नाही, आणि ही संपली की माझं मन उडतं, अशी तक्रार. कविराजांचंही आज्जीसारखंच, फक्त त्यांना सरळ मागता येत होतं. टेकडीची माती म्हणजे शिंपल्यांचा चुनखडक, इथे कधीकाळी समुद्र होता त्याचा गाळ. उतार दक्षिणेकडे तोंड करून, खाली माइन नदी, दिवसभर तापलेला दगड रात्री वेलींना ऊब देतो. मी एकदा चढून गेले होते वर. आमच्याकडे द्राक्ष मांडवावर असते, खाली वाकून चालावं लागतं, डोक्यावर घड लोंबतात, दुपारी आत हिरवा काळोख असतो. इथे वेली तारेला बांधून ओळीत उभ्या, शाळेतल्या मुलांसारख्या, आणि छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात. दोन छाटण्या नाहीत म्हटल्यावर मला त्या वेलींचा हेवाच वाटला. जात बहुतेक सिल्व्हानर. तिची या देशातली पहिली नोंद 1659 सालची, जवळच्या कास्टेल गावातली, ‘ऑस्ट्रियन’ म्हणून नोंदलेल्या 25 रोपांची. पंचवीस रोपं! आमच्या भागात तास-ए-गणेश पसरली ती गोष्ट मी लहानपणी ऐकत वाढले, एका शेतकऱ्याच्या बागेतल्या वेगळ्या दिसणाऱ्या वेलीवरून सुरू झालेली. हे असंच होतं बहुतेक. कुणाच्या तरी नजरेला एक काडी पडते.

पण मला थांबवलं ते एका वेगळ्याच बाटलीने. इथे 1540 सालची श्टाइनची वाइन जपून ठेवलेली आहे. त्या वर्षी युरोपात इतका दुष्काळ होता की महिनोन् महिने पाऊस नाही, नद्या आटल्या, जंगलं पेटली. द्राक्षं वेलीवरच सुरकुतली. लोकांनी तोड लांबवली, शेवटी थोडा पाऊस झाला आणि त्या वाळल्या घडांतून जो रस निघाला तो मधासारखा होता. हे वाचून मी दुकानातच हसले. म्हणजे बेदाणाच की. आजोबा हळहळले त्या ‘वाळवून टाकण्या’तूनच यांची सर्वांत मोठी वाइन निघाली होती. पुढे तीस वर्षांच्या युद्धात 1631 मध्ये स्वीडिश फौज शहरात शिरली, तेव्हा ही वाइन लपवून ठेवली होती, नंतर सापडली, आणि 1684 मध्ये तिच्यासाठी मुद्दाम एक पिंप बनवलं, ते अजून इथल्या राजवाड्याच्या तळघरात आहे. 1961 साली लंडनमध्ये या वाइनची एक बाटली काही जाणकारांनी उघडली. चारशे एकवीस वर्षांची. दोन घोट ती जिवंत होती म्हणे, ऊन आणि जुनं लाकूड यांची चव. मग हवा लागून पेल्यातच आंबून गेली. माणूस किती वर्षं दम धरून असतो आणि कुणी विचारपूस केली की मग लगेच सोडून देतो, तसं काहीसं. आज्जीचंही आम्ही सगळे जमल्यावरच झालं. पण ते जाऊ दे.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत राहते, ती सांगायलाच हवी. नागरिकांचं रुग्णालय म्हटलं की नागरिक कोण हे आधी ठरतं. शहराचा हक्कदार तो ब्युर्गर, बाकीचे? इथून थोड्याच अंतरावर युलिउसश्पिटाल आहे, तेही रुग्णालय, तेही वाइनवर चालणारं, याहूनही मोठे मळे असलेलं. प्रिन्सबिशप युलिउस एख्टर यांनी 1576 मध्ये त्याची स्थापना केली, आणि ते बांधलं ज्यूंच्या दफनभूमीवर. त्यांचे मेलेले उठवून आपल्या आजाऱ्यांची सोय. दोन्ही गोष्टी त्याच माणसाने केल्या, दोन्ही खऱ्या. आज तिथेही अंगणात लोक चकचकीत पेले घेऊन बसतात, आणि मी त्यांच्यातली एक होऊन बसले आहे, कारंज्याकडे बघत. दान देणाऱ्यांच्या हातात काय काय असतं ते सगळं दानपत्रात लिहिलेलं नसतं. आमच्या गावच्या देवस्थानची जमीन कोण कसत होतं आणि देवळाच्या आत कुणाला येऊ देत नव्हते, तेही नाही.

आणि हे जे जुनं जुनं म्हणून मी कौतुक करते आहे त्यातलं बरंचसं माझ्या आजोबांहून लहान आहे. 16 मार्च 1945 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी वीसेक मिनिटांत हे शहर जाळलं. जुन्या गावाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग गेला, हजारो माणसं गेली. भिंती पुन्हा उभ्या केल्या आहेत, जुन्यासारख्या. मळ्यांचे सात-बारे मात्र टिकले. ते आजोबा तेव्हा चारपाच वर्षांचे असतील. हे मला घरी येताना गाडीत सुचलं. त्यांनी मला एकही दुःखाची गोष्ट सांगितली नव्हती. फक्त पाव लिटरची.

तीन आठवड्यांनी मी परत गेले. खरं सांगायचं तर उत्तर द्यायला गेले. तीन आठवडे मी ते जर्मनमध्ये घडवत होते. म्हणणार होते की आमच्याकडे म्हातारी माणसं घरात असतात, नातवंडांत असतात, त्यांना कुणी वाटा मोजून देत नाही कारण सगळंच त्यांचं असतं. हे एक उत्तर. दुसरं उत्तर असं होतं की सगळंच त्यांचं असतं म्हणून त्यांचं असं काहीच नसतं, आणि झाकणभर औषधासाठी त्यांना सांगलीच्या बसची चौकशी करावी लागते. दोन्ही उत्तरं मी आरशासमोर म्हणून पाहिली. दुसऱ्यात माझे काका दिसतात, बाबा दिसतात, आणि फडताळासमोर उभी राहून वास घेणारी मीही दिसते, जी दर शनिवारी सांगलीला क्लासला जायची आणि कधी एक बाटली घेऊन आली नाही. आता आई सत्तरीला आली आहे. मी दर महिन्याला पैसे पाठवते, बाबांच्या खात्यावर. तिचं वेगळं खातं आहे का, हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. फोनवर विचारलं तर म्हणाली, “कशाला गं, लागलं की घेते की मी मागून.”

आजोबा त्याच टेबलाशी होते. तेच जाकीट. मी ‘इथे कुणी आहे का?’ विचारलं, त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली. या वेळी मी शॉपन मागवलं, सिल्व्हानरचं, म्हणजे पाव लिटरच. गार, कोरडं, किंचित खारट वाटणारं, हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखं. गुळाचा, लवंगेचा लवलेश नाही. मला वाटलं होतं पहिल्या घोटाला आज्जी आठवेल. नाही आठवली. दुसऱ्याला आठवली, पण चवीमुळे नाही. ओठ पुसायला मी नकळत ओढणीचं टोक उचललं होतं म्हणून.

आजोबांनी माझ्या पेल्याकडे बघून पसंतीची मान हलवली आणि विचारलं, “कुठल्या तुम्ही?”

त्यांना मी आठवत नव्हते. मी पुन्हा सांगितलं, भारत, द्राक्षबाग, चार एकर. पुन्हा ते सरळ बसले. पुन्हा वाइनचं विचारलं, पुन्हा मी बेदाणा सांगितला, पुन्हा तेवढेच हळहळले. मी 1540 ची गोष्ट काढणार होते, तेवढ्यात त्यांनी पेल्यावर नखाने टिचकी मारली. वर रोज पाव लिटर, ती आमची, ही विकतची. माझ्या छातीत धडधडायला लागलं, तोंडी परीक्षेत आपण पाठ केलेलाच प्रश्न येतो आहे असं दिसल्यावर व्हायचं तसं.

“तुमच्याकडे,” आजोबा म्हणाले, “म्हाताऱ्या माणसांना रोज काय मिळतं?”

मी तोंड उघडलं. ओवरीत कुणाच्या तरी हातून चमचा पडला. सगळी वाक्यं, क्रियापद शेवटी ठेवून नीट रचलेली, जिभेच्या टोकाशी होती.

“चहा,” मी म्हणाले.

“चहा चांगला,” ते म्हणाले.